मोठ्या आवाजाची जागा

परवा लालबागच्या मार्केटात पावटा दिसला. पोपटी, टरटरीत, शेंगेला अजून शेताचा वास. भाजीवाली म्हणाली, "घ्या ओ आजोबा, पौषातला माल आहे. पंधरा दिवसांनी याल तर नुसती सालं मिळतील." पाव किलो घेतला आणि गॅलरीत पाठीवर ऊन घेत सोलत बसलो. शेजारच्या परबीणबाईंनी कठड्यावर गोधड्या टाकलेल्या. मुंबईची थंडी ती केवढी? पाहुणी यावी तशी येते, चहा पण न घेता निघून जाते. तेवढ्यासाठी आम्ही कपाटातून स्वेटर काढतो.

तेवढ्यात छातीवर फोन थरथरला. मला वाजलेला ऐकू येत नाही, म्हणून तो शर्टाच्या खिशात ठेवतो. पडद्यावर माझी नात, सई. केस ओले, नाकावर पांढरं मलम, मागे झगझगीत ऊन. तिकडे ऑस्ट्रेलियात ऐन उन्हाळा, शाळेला सुट्टी. मी स्वेटरात आणि ती पोहायच्या कपड्यांत. एकमेकांना बघून आम्ही दोघंही हसलो.

गेल्या पौषात मीही तिथेच होतो. आयुष्यात पहिल्यांदा एका वर्षात दोन उन्हाळे काढले, आणि खोटं कशाला बोलू, दुसरा बरा गेला.

खरं तर मी जाणार नव्हतो. सुमन, माझी बायको, भाद्रपदात गेली. गणपती नुकतेच पाण्यात गेले होते, गल्लीतले मांडव अजून सोडायचे होते. सकाळी घावणे घालता घालता म्हणाली, जरा बसते. बसली ती उठली नाही. तव्यावरचा घावणा करपून काळा झाला, तो वास दोन दिवस घरात होता. तो गेला तेव्हा मला जास्त वाईट वाटलं. हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

आमची एकुलती एक मुलगी वैशाली धावत आली, तेरा दिवस राहिली आणि जाताना म्हणाली, "बाबा, उन्हाळ्यात तिकडे या. इथे एकटे काय करणार?"

म्हटलं, "इथे एकटा बसेन, तिथे पण एकटाच बसेन. फरक काय?"

"तिथे समुद्र आहे."

"इथे काय डबकं आहे?"

पण मग मला सुमनचं एक बोलणं आठवलं, आणि ते दाताला काहीतरी अडकावं तसं अडकून बसलं.

त्याच्या तीन वर्षं आधी वैशालीच्या दुसऱ्या बाळंतपणाला सुमन एकटीच तिकडे जाऊन आली होती. डिंकाचे लाडू, अळीव, बाळाच्या अंगाला लावायचं तेल, सगळं घेऊन. तीन महिने राहिली. परत आली आणि पुढचं अख्खं वर्ष तिकडचंच सांगत होती. एक खडक आहे म्हणे, तो पाणी थुंकतो. एक पक्षी आहे, त्याच्या चोचीत आपली भाजीची पिशवी मावेल. एक रेल्वे आहे, ती जमिनीवरून निघते आणि समुद्रात जाते. मी टीव्हीसमोर बसून हो हो म्हणायचो. मला ऐकू कमी येतं हे खरं आहे, पण ते सगळं मी ऐकलं नाही ते काही कानांमुळे नाही.

एक दिवस ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, टीव्ही झाकून. रागावली किंवा लाडात आली की ती मालवणीवर यायची. म्हणाली, "थंय एक जागा आसा. तुमका दाखवूची आसा. तुमच्याच कामाची."

मी पायाची नखं कापत होतो. म्हटलं, "बघूया गो."

कुठली जागा, हे विचारलं नाही. ती पण पुन्हा बोलली नाही. बस, एवढंच. पण ती गेल्यावर मला दुसरं काही सुचेना. बाईने सगळ्या जन्मात माझ्याकडे काही मागितलं नाही, आणि एक जागा दाखवायची म्हणाली तर मी नखं कापत होतो. म्हणून गेलो. समुद्रासाठी नाही, ती जागा शोधायला गेलो.

त्या गावाचं नाव मला अजून घेता येत नाही, जीभ मधेच वळते. आम्ही आपलं वैशालीचं गाव म्हणतो. समुद्राला चिकटून बसलेलं, लालबागच्या दोन गल्ल्यांत मावेल एवढ्या माणसांचं. रस्ते धुऊन पुसल्यासारखे. पहिल्या दिवशी गाडीतून जाताना मी जावयाला विचारलं, "मंदारराव, आज बंद आहे काय?" तो म्हणाला, "नाही बाबा, रोज असंच असतं." माणसाला माणसाचा धक्का लागत नाही अशा गावात झोप कशी येते, मला कळेना.

मग समुद्रकिनारा बघितला. आमची गिरगाव चौपाटी मी हजार वेळा पाहिली असेल, पण तिची वाळू कधी पाहिली नाही, वाळूवर कायम कोणीतरी बसलेलंच असतं. इथे नुसती वाळू. पांढरी, साखरेसारखी, पाय टाकला की कचकच वाजणारी. वाजते असं सई सांगते. मला ती तळपायाला वाजली. वाळूत दोन झेंडे रोवलेले, त्यांच्यामध्येच पोहायचं. उंच खुर्चीवर लाल-पिवळ्या टोपीतली एक राखणदार मुलगी, दुर्बीण लावून बसलेली.

तिथे मी पहिला गोंधळ घातला. सुमन दर नारळी पौर्णिमेला दादरच्या समुद्राला नारळ द्यायची. आम्ही देवगडकडची माणसं, समुद्राला हात हलवत भेटायला जात नाही. मी इंडियन दुकानातून नारळ आणवला, हळदकुंकू लावलं, गुडघाभर पाण्यात गेलो, सुमनचं नाव घेतलं आणि लांब फेकला. डोळे मिटून हात जोडले.

डोळे उघडतो तर ती टोपीवाली मुलगी फळी घेऊन पाण्यात, सपासप पोहत निघालेली. लाटेच्या पलीकडून तिने नारळ पकडला, परत आली, धापा टाकत हसली आणि माझ्या हातात दिला. वैशालीच्या तोंडाचा रंग उडालेला. "बाबा, ती म्हणतेय, तुमचा बॉल वाहून चालला होता."

"तिला सांग, दिलेला होता."

"मी नाही सांगणार! काय सांगू, समुद्राला गिफ्ट दिलं?"

सई मात्र विचारात पडली. म्हणाली, "आजोबा, मे बी समुद्राला भूक नव्हती."

त्या नारळाची रात्री सोलकढी झाली. समुद्राने परत पाठवलेल्या नारळाची सोलकढी मी जन्मात पहिल्यांदा प्यायलो. चांगली होती. सुमन असती तर आठ दिवस हसली असती, आणि हसता हसता म्हणाली असती की तुमका एक काम धड जमणा नाय.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. मी वैशालीला विचारलं, आईला काय आवडलं होतं? ती म्हणाली, "बाबा, मी तेव्हा बाळंतीण होते. आई दुपारची सईला घेऊन फिरायची. सईलाच विचारा." सई तेव्हा पाच वर्षांची, आता आठ. तिला एवढंच आठवत होतं: "आजीची जागा? इट वॉज लाऊड! खूप आवाज. सगळे कान असे झाकत होते. आजीने नाही झाकले. आजी हसत होती."

मोठ्या आवाजाची जागा. बहिऱ्या माणसाला शोधायला काय छान जागा दिली!

मी बहिरा झालो तो गिरणीत. साचेखात्यात, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे. एका खात्यात शेकडो साचे, म्हणजे माग, एका वेळी खटाखट चालायचे. धागा नेणारा धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, दिवसभर. आत शिरलं की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यायचा नाही. मग आम्ही हातांनी बोलायचो. मिशीवर बोट फिरवलं की जॉबर, म्हणजे मुकादम, आला. दोन करंगळ्या एकमेकांत अडकवून ओढल्या की धाग्याची तार तुटली. अंगठा तोंडाशी वाकडा केला की चल, चहा. आणि दोन्ही हातांची बोटं जुळवून छप्पर केलं, मग तळवा छातीवर ठेवला, की घरी सगळं बरं ना? उघडा पंजा दाखवला तर बरं. मूठ दाखवली तर नाही.

लग्नानंतर मी या खुणा सुमनला शिकवल्या, गंमत म्हणून. तिने त्या कायमच्या ठेवून घेतल्या. गिरणीची पाळी सुटली की ती गॅलरीत येऊन उभी राहायची. मी गल्लीच्या तोंडाशी दिसलो की वरून दोन्ही हातांचं छप्पर करायची, तळवा छातीवर. मी खालून पंजा दाखवायचो. एखाद्या दिवशी मूठ दाखवायचो. जॉबरशी भांडण, गिरणीच्या दारावर नोटीस, काहीही असेल. मूठ दिसली की ती काय झालं म्हणून विचारायची नाही. फक्त अंगठा तोंडाशी न्यायची. या वर, चहा पिऊ. गिरणी कायमची बंद झाली त्या दिवशीही तेवढंच. तीन मजले चढून आलो तर कप भरून ठेवलेला.

ती गेल्यावर चाळीतलं प्रत्येक माणूस मला विचारायचं, कसे आहात काका? मी म्हणायचो, बरा आहे. तोंडाने खोटं बोलायला काही लागत नाही.

तर, शोध. पहिल्यांदा थुंकणारा खडक. गावाच्या टोकाला काळे कातळ, त्यात एक भोक. खालून लाट शिरली की वरून धो करून फवारा. पोरं फवाऱ्याखाली जाऊन भिजतात, आईबाप फोटो काढतात. वैशाली ओरडून म्हणाली, "बाबा, हीच असणार! बघा किती आवाज!" मी भिजलो, चष्मा भिजला, खिशातला फोन भिजता भिजता वाचला. सई मान हलवत होती. "नो. त्या जागेत छप्पर होतं."

मग समुद्रात जाणारी रेल्वे. लाकडी धक्का आहे, आमच्या भाऊच्या धक्क्यासारखा नाही, नुसताच लांबच लांब. त्याच्यावरून झुकझुक गाडी जाते, पोरांना घेऊन. डब्याला छप्पर होतं म्हणून माझी आशा वाढली. गाडी सुटताना शिटी वाजली तेव्हा सगळ्यांनी कान झाकले. मी सईकडे पाहिलं. ती म्हणाली, "नो आजोबा. पण आपण परत बसू या का?" तीनदा बसलो. धक्क्याच्या टोकाला मासे पकडणारे म्हातारे. त्यांच्या बादलीत डोकावून मी एकाला म्हटलं, "हा तर आमचा तांबोसा." त्याने मान डोलावली. भाषा काय करायची आहे, मासा समोर असला की झालं.

पिशवीच्या चोचीचा पक्षी पण पाहिला. दुपारी एक बाई त्यांना मासे घालते आणि सगळं गाव पोरांना घेऊन बघायला जमतं. पक्षी असे रांगेत उभे की रेशनच्या दुकानावरची माणसं वाटावीत. एकाने मागून येऊन माझ्या हातातला तळलेला बटाटा पिशवीसकट उचलला. सईचा धाकटा भाऊ नील, तीन वर्षांचा, इतका हसला की पडला. कांगारू पाहिले. कांगारू मला आवडला नाही, उगाच आळशी तोंड करून पडलेला असतो. पण त्याच्या पिशवीतून पोराचा पाय बाहेर आला तेव्हा मी पण इतरांसारखा आ करून उभा राहिलो. जहाजाच्या आकाराच्या बागेत घसरगुंडीवर बसलो. बहात्तराव्या वर्षी. वैशालीने फोटो काढला, तो चाळीच्या ग्रुपवर गेला, आणि परबीणबाईंनी उत्तर पाठवलं: "भाऊ, खाली उतरलात काय की अजून वरच आहात?"

प्रत्येक ठिकाणी मी मनात म्हणायचो, सुमन, ही काय? आणि प्रत्येक ठिकाणी सई मान हलवायची. पण एक झालं. प्रत्येक ठिकाणी ती उभी राहिली असणार, हे मला दिसायला लागलं. खडकापाशी पदर खोचून. पक्ष्यांना बघून तोंडाला हात लावून. जे तिने वर्षभर सांगितलं आणि मी ऐकलं नाही, ते मी आता पायी चालत ऐकत होतो.

परतीला चार दिवस उरले. जागा काही सापडली नव्हती. मी धरूनच चाललो होतो की हे असंच राहणार. रविवार होता, नील बापाबरोबर घरी. बंदराजवळ आइस्क्रीमचं दुकान आहे, बाहेर लाकडी बाकडी. आसपास जुनी पत्र्याची गोदामं, आमच्या कॉटन ग्रीनची आठवण यावी अशी, फक्त रंगवलेली. मी चपला काढून पाय खालच्या फळ्यांवर टेकवले होते. हातात आंब्याचं म्हणून दिलेलं आइस्क्रीम, ज्याचा आंब्याशी काही संबंध नव्हता.

आणि तळपायाला काहीतरी लागलं.

ठोका. पुन्हा ठोका. मधे किंचित थांबा, पुन्हा ठोका. मी आइस्क्रीम खाली ठेवलं. वैशाली म्हणाली, "बाबा, काय होतंय? छातीत दुखतंय?" मी तिला हाताने गप्प केलं. कान गेले होते, पाय गेले नव्हते. पंचवीस वर्षं ज्या ठोक्यावर उभे राहिले, तो ठोका पाय विसरतात होय? सई पण टुणकन उठून उभी राहिलेली. शेजारच्या गोदामाच्या दाराकडे बोट दाखवत ती नाचत होती. दारावर मेंढीचं चित्र.

"धिस वन! आजोबा, धिस वन!"

वैशाली म्हणाली, "हे? हे तर लोकरीचं म्युझियम आहे. महिन्यातून एका रविवारी मशीन चालवून दाखवतात. आम्ही कधी गेलोच नाही, म्हटलं पोरांना बोअर होईल."

मी अनवाणीच आत गेलो.

आत एकच साचा. जुना, काळा, लोखंडी. कापसाचा नाही, लोकरीचा, पण साचा तो साचा. तेलाचा वास तोच, वर चामड्याचा पट्टा तोच, आणि इकडून तिकडे पळणारा धोटा. दोरीच्या अलीकडे आठदहा पोरं कान झाकून उभी, त्यांच्या आया हसतायत. साच्यावर माझ्याच वयाचा एक गोरा म्हातारा, दोन्ही कानांत यंत्रं. मी दोरीला धरून उभा राहिलो. मी कापड बघत होतो. सवयच ती.

आणि मला दिसलं, तार तुटली. डावीकडून हातभर अंतरावर. म्हाताऱ्याला दिसली नव्हती. मी हात वर केला, दोन करंगळ्या अडकवल्या आणि ओढल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं. क्षणभर थांबला, मग साचा थांबवला, वाकून बघितलं, आणि असा खदखदून हसला की त्याच्या कानातलं यंत्र निसटलं. त्याने दोरी वर उचलली आणि मला आत बोलावलं. दोन टोकं माझ्या हातात दिली. मी गाठ मारली. एवढीशी, डोळ्याला न दिसणारी. माझी बोटं हल्ली शर्टाचं बटण लावताना चुकतात. तेव्हा चुकली नाहीत.

त्याने साचा परत सुरू केला. खटाक खट, खटाक खट. फळ्या हलायला लागल्या, पोरांनी पुन्हा कान झाकले. मी मान वर केली तर दोरीपलीकडे सई. तिने कान झाकले नव्हते. ती दोन्ही हातांची बोटं जुळवत होती. तिने छप्पर केलं. मग तळवा छातीवर ठेवला.

या आवाजात बोलता येत नाही म्हणून सुमनने इथेच उभं राहून पाच वर्षांच्या पोरीला शिकवलं होतं, खेळ म्हणून. पोरगी खेळ विसरली होती. साचा सुरू झाला आणि तिच्या हातांना आठवलं.

घरी सगळं बरं ना?

भाद्रपदापासून हे मला कुणी हाताने विचारलं नव्हतं. आणि हाताने मला खोटं बोलता येत नाही. मी मूठ वर केली.

गिरणी बंद झाली तेव्हा वैशाली लहान होती, तिला काही कळलं नाही. सईने मूठ पाहिली. काय झालं असं विचारलं नाही. अंगठा वाकडा केला आणि तोंडाशी नेला.

मग आम्ही तिघं आणि तो म्हातारा मागच्या खोलीत बसून चहा प्यालो. पाणचट होता, पण गरम होता. तिथे मी वैशालीला सगळं सांगितलं, करपलेल्या घावण्यापासून. ती रडली, मग नारळाची आठवण काढून हसली. म्हाताऱ्याला आमचं एक अक्षर कळत नव्हतं आणि तो प्रत्येक वेळी मान डोलावत होता.

आता हे लिहिताना गॅलरीत ऊन भिंतीवर सरकलंय. पावटा परवाच खाऊन संपला. परवा फोनवर सई बराच वेळ काहीतरी बोलत होती, मला निम्मं कळलं नाही. तिने ते ओळखलं. बोलणं थांबवलं, फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि दोन्ही हात वर करून छप्पर केलं. मी पण फोन पावट्याच्या टोपलीला टेकवला. कधी मूठ दाखवतो, कधी पंजा. परवा पंजा दाखवला, आणि तो खरा होता.

तरी पोरीने अंगठा तोंडाशी नेलाच. मग मी सालं बाजूला सारली आणि चहा ठेवायला उठलो.